ओळख एकाच बाजूची

१९४०च्या दशकाच्या उत्तरार्धातली गोष्ट. लता मंगेशकर लोकलने मालाडच्या बॉम्बे टॉकीजकडे निघाल्या होत्या. वाटेत एक तरुण डब्यात चढला. मालाडला त्या उतरल्या, तोही उतरला. त्यांनी टांगा केला, तर त्याचा टांगा मागोमाग. स्टुडिओतही तो हजर! लतादीदींनी संगीतकार खेमचंद प्रकाश यांच्याकडे तक्रार केली, की हा मुलगा माझा पाठलाग करतोय. तेव्हा उलगडा झाला, की तो अशोककुमार यांचा धाकटा भाऊ किशोर, आणि तोही गायलाच आला आहे. १९४८च्या ‘जिद्दी’साठी दोघं एकत्र गायले. लतादीदींनी हा किस्सा पुढे मुलाखतींमध्ये आवर्जून सांगितला.

डब्यातल्या इतर प्रवाशांच्या लेखी ते दोन साधे उतारू होते. पुढे काही वर्षांनी त्या दोघांना असा लोकलचा प्रवास करणं अशक्य झालं असतं. पण आवाज घराघरांत पोचल्यानंतरही बराच काळ लोकांना गाणाऱ्याचा चेहराच काय, नावही ठाऊक नसे. १९४९च्या ‘महल’मधलं लतादीदींचं गाणं देशभर वाजलं, तेव्हा त्याच्या तबकडीवर गायिका म्हणून ‘कामिनी’ हे चित्रपटातल्या पात्राचं नाव छापलेलं होतं.

म्हणजे नामवंत माणूस भाजीच्या गाडीवर, बँकेच्या रांगेत किंवा प्लॅटफॉर्मवर अचानक दिसतो, तेव्हा ‘अय्या, हे तर ते!’ हा क्षण घडायला आधी पुष्कळ गोष्टी जमून याव्या लागतात. त्याचा चेहरा आपल्यापर्यंत पोचलेला असावा लागतो, मेंदूने तो जपून ठेवलेला असावा लागतो, आणि आपले दोघांचे रस्ते कुठेतरी एकमेकांना छेदावे लागतात. या तिन्ही गोष्टी समजून घेतल्या, की अशा भेटीत आपली भंबेरी का उडते ते कळतं. तिथे कसं वागावं हेही त्यातूनच कळतं.

चेहरा घरोघरी पोचला तो असा

छपाई आणि छायाचित्र येण्याआधी प्रसिद्ध माणसाचं नाव दूरवर जाई, चेहरा मात्र त्याच्या गावापुरता राही. प्रत्यक्ष राजा शेजारून गेला तरी बहुतेक प्रजेला पत्ता लागला नसता. याला छेद देणारी एक विलक्षण घटना फ्रान्समध्ये घडली. क्रांतीच्या धामधुमीत, जून १७९१मध्ये, सोळावा लुई आणि राणी मारी आंत्वानेत वेश बदलून पॅरिसमधून निसटले. सांत-मनूल या गावात घोडे बदलण्याच्या ठाण्यावर बग्गी थांबली. तिथल्या ठाणेदाराने, जाँ-बाप्तिस्त द्रूएने, आत बसलेल्या माणसाकडे पाहिलं आणि त्याला शंका आली. हा चेहरा त्याने ५० लिव्हरच्या कागदी नोटेवर पाहिला होता. द्रूए घोड्यावरून पुढे धावला आणि व्हारेन गावात राजाला अडवण्यात आलं. छापील चित्रामुळे एका साध्या माणसाला राजा ओळखता आला आणि फ्रान्सच्या इतिहासाने वळण घेतलं.

आपल्याकडे हे काम शिळाछापाने केलं. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी १८७८मध्ये पुण्यात चित्रशाळा सुरू केली. देवादिकांच्या तसबिरींबरोबर मराठेशाहीतल्या थोर पुरुषांची रंगीत चित्रंही तिथून छापली जाऊ लागली आणि भिंतीवरच्या खिळ्याला लागली. मग वृत्तपत्रांतली छायाचित्रं आली, सिनेमा आला. २ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई दूरदर्शन सुरू झालं आणि चेहरे थेट माजघरात येऊन बसले. सिनेमातला नट पडद्यावर अवाढव्य दिसे, तिकीट काढून त्याला पाहायला जावं लागे. टीव्हीवरचा माणूस मात्र जेवणाच्या वेळी, घरातल्या माणसाएवढ्याच आकारात, रोज भेटू लागला. त्यानंतरच्या पिढ्यांना नामवंतांविषयी जी सलगी वाटते, तिचं मूळ या रोजच्या भेटीत आहे.

मेंदूतली वहिवाट

आपल्या डोक्यात किती चेहरे असतात? इंग्लंडमधल्या यॉर्क विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१८मध्ये याचा अंदाज मांडला. त्यांनी लोकांना आपल्या ओळखीच्या माणसांचे चेहरे आठवून नोंदवायला सांगितले आणि प्रसिद्ध व्यक्तींची छायाचित्रंही दाखवली. सरासरी उत्तर आलं सुमारे ५,००० चेहरे. माणसागणिक हा आकडा साधारण १,०००पासून १०,०००पर्यंत बदलत होता. लक्षात घेण्यासारखी गोष्ट अशी, की या साठ्यात मामा-मावशी, वर्गमित्र, वाणी, पंतप्रधान आणि मालिकेतली सासू असे सगळे एकत्रच नांदतात.

ओळखीचा चेहरा आणि अनोळखी चेहरा यांच्याशी मेंदू फार वेगळा वागतो. २०११मध्ये प्रसिद्ध झालेला एक प्रयोग फारच बोलका आहे. नेदरलँड्समधल्या दोन नामवंत स्त्रियांची प्रत्येकी २० अशी ४० छायाचित्रं ब्रिटनमधल्या लोकांना दिली आणि एकेका व्यक्तीचे फोटो वेगळे करा, असं सांगितलं. या बायकांना ते ओळखत नव्हते. प्रकाश, केशरचना, वय, हसू यांतल्या फरकांमुळे ते फसले आणि त्यांनी सरासरी सात-आठ ढीग केले, म्हणजे सात-आठ वेगवेगळ्या बायका आहेत असं मानलं. त्या दोघींना ओळखणाऱ्या बहुतेक डच लोकांनी मात्र बिनचूक दोनच ढीग केले. म्हणूनच मेकअप नसलेली, केस बांधलेली, चष्मा लावून दूध आणायला निघालेली अभिनेत्री आपल्याला पाठमोरी वळण्याआधीच ओळखू येते. तिचा चेहरा आपण शेकडो प्रसंगांत, शेकडो छटांत पाहिलेला असतो. आपल्या दृष्टीने तो ‘घरचा’ झालेला असतो.

ओळखीच्या चेहऱ्यात आपली भिस्त मुख्यतः डोळे, नाक, ओठ या मधल्या भागावर असते. अनोळखी चेहऱ्यात आपण केस, डोक्याचा आकार अशा बाहेरच्या खुणा धरतो. त्यामुळे नुसती टोपी किंवा दाढी नामवंतांना फार काळ लपवू शकत नाही. सचिन तेंडुलकरने सांगितलेला अनुभव याची साक्ष देतो. ‘रोजा’ चित्रपट पाहायला तो अंजली आणि मित्रांसोबत खोटी दाढी आणि चष्मा लावून गेला होता. चष्मा पडला आणि लोकांनी त्याला ओळखलं. चित्रपट अर्धवट टाकून त्याला निघावं लागलं. दाढी तशीच होती, पण डोळे दिसले आणि संपलं.

मेंदूच्या आत आणखी खोल डोकावण्याची संधी २००५मध्ये मिळाली. अपस्माराच्या रुग्णांच्या मेंदूत उपचारासाठी बसवलेल्या सूक्ष्म तारांमधून संशोधकांनी एकेका पेशीची हालचाल टिपली. एका रुग्णाच्या मेंदूतली एक पेशी अभिनेत्री जेनिफर अ‍ॅनिस्टनची वेगवेगळी छायाचित्रं दाखवली की जागी होई. दुसऱ्या एका रुग्णात हॅली बेरी या अभिनेत्रीच्या फोटोंना प्रतिसाद देणारी पेशी सापडली, आणि ती नुसतं तिचं लिहिलेलं नाव दाखवलं तरी प्रतिसाद देई. एका माणसासाठी एकच पेशी राखीव असते, असा याचा अर्थ नाही. पण ज्या व्यक्तीला आपण कधी भेटलो नाही, तिचीही एक पक्की जागा आपल्या मेंदूत तयार होते, हे त्यातून दिसलं.

‘यांना कुठेतरी पाहिलंय’

समोरचा चेहरा ओळखीचा वाटतो, पण नाव काही केल्या जिभेवर येत नाही. मालिकेत दुसऱ्या-तिसऱ्या फळीतलं काम करणाऱ्या कलावंतांना तर हा अनुभव रोजचाच. लोक त्यांच्याकडे टक लावून पाहतात आणि विचारतात, “तुम्ही आमच्या बँकेत होतात का हो?”

याचं उत्तर ब्रूस आणि यंग या मानसशास्त्रज्ञांनी १९८६मध्ये मांडलेल्या प्रारूपात मिळतं. त्यांच्या मते ओळखण्याचं काम पायऱ्या-पायऱ्यांनी होतं. पहिल्या पायरीवर चेहरा परिचित आहे एवढंच कळतं. दुसऱ्या पायरीवर तो माणूस कोण, काय करतो, कुठे भेटतो ही माहिती मिळते. नाव शेवटच्या पायरीवर असतं. त्याआधी १९८५मध्ये यंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २२ जणांना रोजच्या आयुष्यातल्या अशा फसगतींची रोजनिशी ठेवायला लावली होती. सुमारे हजार नोंदी जमल्या. माणूस काय करतो ते आठवलं पण नाव आठवलं नाही, अशा नोंदी भरपूर होत्या. नाव आठवलं पण तो कोण ते आठवलं नाही, अशी नोंद एकही नव्हती. त्यामुळे ‘ते हो, त्या नाटकातले डॉक्टर!’ एवढ्यावर आपली गाडी अडली, तर तो स्मरणशक्तीचा दोष मानायचं कारण नाही. सगळ्यांचा मेंदू याच क्रमाने चालतो.

दुसरी अडचण जागेची. रोज दुकानात दिसणारा खाटीक बसमध्ये शेजारी बसला, तर हा ओळखीचा आहे हे जाणवतं, पण कोण ते सुचत नाही. मानसशास्त्रज्ञ जॉर्ज मँडलर यांनी १९८०मध्ये दिलेलं हे उदाहरण आता पाठ्यपुस्तकांत रुळलं आहे. आठवण जागेला आणि वेषाला बांधलेली असते. पोलिसाच्या वर्दीत पाहिलेला नट लुंगी-बनियनमध्ये गॅलरीत दिसला, तर त्या आठवणीचा अर्धा आधार निसटतो.

जागेचा हा प्रभाव किती जबरदस्त असतो, ते १२ जानेवारी २००७च्या सकाळी वॉशिंग्टनच्या मेट्रो स्थानकात दिसलं. जगविख्यात व्हायोलिनवादक जोशुआ बेल जीन्स आणि टोपी घालून एका भिंतीपाशी उभा राहिला आणि १७१३ साली बनलेल्या आपल्या स्ट्रॅडिव्हेरियस व्हायोलिनवर त्याने ४३ मिनिटं वादन केलं. ‘वॉशिंग्टन पोस्ट’ने आखलेला हा प्रयोग होता. १,०९७ माणसं समोरून गेली. थोडा वेळ थांबून ऐकणारे सात निघाले. त्याला न ओळखणाऱ्यांकडून पुढ्यातल्या पेटीत बत्तीस डॉलर आणि काही सेंट जमले. तीनच दिवस आधी बॉस्टनमध्ये त्याला ऐकायला लोकांनी महागडी तिकिटं काढली होती.

या प्रयोगावरून लोकांना अरसिक ठरवणं सोपं आहे, पण ते अन्यायाचं आहे. ती कामावर निघालेली माणसं होती आणि मेंदू गर्दीत फक्त कामापुरतं बघतो. मला त्यातली एक स्त्री फार महत्त्वाची वाटते. तिने बेलला काही आठवड्यांपूर्वी एका मोफत कार्यक्रमात वाजवताना पाहिलं होतं. ती एकटीच त्याला ओळखून थबकली. वादन संपेपर्यंत समोर उभी राहिली, मग त्याच्याशी दोन शब्द बोलली आणि २० डॉलर ठेवून गेली. आधी पाहिलेलं असणं आणि त्या क्षणी डोळे उघडे असणं, या दोन्ही गोष्टी तिच्यापाशी होत्या.

आपल्याला तो ठाऊक, त्याला आपण नाही

आता मुख्य मुद्दा. डोनाल्ड हॉर्टन आणि रिचर्ड वोल या अभ्यासकांनी १९५६मध्ये दूरचित्रवाणीच्या प्रेक्षकांविषयी एक निबंध लिहिला. पडद्यावरचा सूत्रधार थेट आपल्याकडे बघून बोलतो, हसतो, निरोप घेतो. त्यामुळे प्रेक्षकाच्या मनात खऱ्या सहवासासारखीच जवळीक वाढत जाते, असं त्यांनी दाखवलं. हे नातं एकतर्फी असतं. आपल्याला त्याची आवड, त्याचं बोलणं, त्याच्या आयुष्यातले चढउतार ठाऊक असतात. त्याला आपलं अस्तित्वही ठाऊक नसतं.

प्रत्यक्ष भेटीत नेमका हाच असमतोल उघडा पडतो. मन म्हणतं, हे तर आपलेच. पाऊल पुढे पडतं, हात उंचावतो. समोरच्या डोळ्यांत मात्र ओळखीची खूण नसते. भंबेरी उडते ती या क्षणाला. शब्द सुचत नाहीत, कारण हे बोलणं सुरू कुठून करायचं हेच कळत नाही. परक्या माणसाशी बोलावं तसं बोललं तर मनाला पटत नाही, आणि आप्ताशी बोलावं तसं बोलायचा आपल्याला हक्क नसतो.

याच्या उलट नातं लोकलमधल्या रोजच्या सहप्रवाशाचं. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ स्टॅन्ली मिलग्रॅम यांनी १९७०च्या दशकात न्यूयॉर्कच्या रेल्वे प्रवाशांमध्ये या नात्याचा अभ्यास केला. रोज दिसणारी, चेहऱ्याने पक्की ओळखीची, पण कधीही न बोललेली माणसं प्रत्येकाच्या आयुष्यात असतात. तिथे दोघांनाही एकमेकांचा चेहरा ठाऊक असतो आणि न बोलण्याचा करारही दोघांचा असतो. नामवंताच्या बाबतीत असा करार झालेलाच नसतो.

कधी कधी आपण माणसाला ओळखत नाही, पात्राला ओळखत असतो. निळू फुले याचं ठळक उदाहरण. राष्ट्र सेवा दलात घडलेला, पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात माळीकाम केलेला, सामाजिक चळवळींत मनापासून राबणारा हा सज्जन माणूस. पडद्यावरचा त्यांचा पाताळयंत्री पाटील आणि बेरकी पुढारी इतका अस्सल उतरे, की गावोगावच्या बायाबापड्या प्रत्यक्षातही त्यांना बिचकत, त्यांचा राग राग करत. उलट दूरदर्शनवरच्या ‘रामायण’नंतर अरुण गोविल दिसले की लोक त्यांच्या पाया पडत. दोन्हीकडे अभिनयाला दाद होती, आणि दोन्हीकडे समोरचा खरा माणूस न दिसताच राहून गेला.

योगायोगाचाही भूगोल असतो

अशा भेटी कुठे होतात? दादर, पार्ले, ठाणे, डोंबिवली, पुण्याचं डेक्कन आणि कोथरूड इथल्या रहिवाशांच्या गप्पांत हे किस्से जास्त ऐकू येतात, याला कारण आहे. मराठी रंगभूमीवरचा कलावंत बहुधा आपल्याच वस्तीत राहतो, आपल्याच मंडईत जातो. शिवाजी पार्कच्या कट्ट्याला फेऱ्या मारणाऱ्यांत क्रिकेटपटू, लेखक आणि निवृत्त कारकून यांची चाल एकच असते. नाटकाचा दौरा निघाला की बस रात्री हायवेवरच्या हॉटेलपाशी थांबते आणि ज्यांचं काम पाहायला लोक तिकीट काढतात, ती मंडळी ट्रकचालकांच्या शेजारच्या टेबलावर मिसळ खात असतात.

शिवाय आपल्याकडे प्रयोग संपल्यावर आत जाऊन कलावंतांना भेटण्याची जुनी चाल आहे. दादरचं शिवाजी मंदिर असो, ठाण्याचं गडकरी रंगायतन असो की पुण्याचं बालगंधर्व रंगमंदिर, पडदा पडला की प्रेक्षकांची छोटी रांग रंगपटाकडे वळते. तोंडावरचा रंग अजून पुसायचा असतो, घामाने गळपट्टी भिजलेली असते, आणि पहिल्या रांगेतल्या आजी नटाचा हात हातात घेऊन सांगतात, “अहो, अगदी आमचे हे असेच होते!” दोघांनाही त्या क्षणाची अपेक्षा असते, म्हणून तो अवघडत नाही. हिंदी चित्रपटांतला तारा उंच फाटकाआड आणि काळ्या काचांच्या गाडीत राहतो. त्याच्या बंगल्याबाहेर रविवारी जमणाऱ्या गर्दीला दर्शन घडतं, भेट होत नाही. मराठी प्रेक्षकाला लाभलेली ही जवळीक म्हणूनच मोलाची आहे आणि ती जपण्याची जबाबदारीही आपलीच आहे.

स्वाक्षरीपासून सेल्फीपर्यंत

भेट झाली की तिचा पुरावा हवासा वाटतो. का? सामाजिक मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट चाल्डिनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७६मध्ये अमेरिकेतल्या विद्यापीठांत एक साधं निरीक्षण केलं. आपल्या विद्यापीठाचा फुटबॉल संघ जिंकला, की पुढच्या सोमवारी विद्यापीठाचं नाव असलेले कपडे घालणाऱ्यांची संख्या वाढे. खेळणारे दुसरेच, तरी ‘आपण जिंकलो’ म्हणणारे हे. दुसऱ्याच्या तेजात क्षणभर उभं राहिलं की आपणही उजळल्यासारखं वाटतं, ही माणसाची सार्वत्रिक ओढ आहे. तिची लाज वाटून घेण्याचं कारण नाही.

पण पुरावा मिळवण्याची पद्धत बदलली आणि भेटीचं स्वरूपही बदललं. स्वाक्षरीच्या वहीसाठी दोघांना समोरासमोर उभं राहावं लागे. नामवंत विचारी, “नाव काय तुझं?” आणि त्या प्रश्नाने एकतर्फी ओळख थोडी तरी दुतर्फी होई. सेल्फीत आपण त्या माणसाकडे पाठ फिरवतो आणि दोघंही काचेकडे बघतो. नाव विचारायला सवड नसते, मागे दुसरा फोन तयारच असतो. चोरून काढलेल्या फोटोत तर समोरच्याला आपण माणूस म्हणून हिशेबातच धरत नाही.

कायद्यानेही याची दखल घेतली आहे. मोनॅकोची राजकन्या कॅरोलिन बाजारात जाताना, घोड्यावर फिरताना, मुलांसोबत असताना काढलेली छायाचित्रं जर्मन मासिकं छापत होती. २००४मध्ये युरोपच्या मानवाधिकार न्यायालयाने निकाल दिला, की प्रसिद्ध व्यक्तीच्या रोजच्या साध्या क्षणांनाही खासगीपणाचं संरक्षण आहे. आपल्या सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठानेही २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचं एकमताने सांगितलं, आणि माणूस सार्वजनिक जागी आला म्हणून त्याचा हा हक्क संपत नाही, हेही त्या निकालात आहे.

दोन वाक्यांची भेट

समाजशास्त्रज्ञ अर्व्हिंग गॉफमन यांनी १९६३मध्ये शहरी जगण्यातली एक सुंदर रीत टिपली. रस्त्यावर परका माणूस समोरून आला, की आपण त्याच्याकडे एक ओझरती नजर टाकतो, म्हणजे त्याची दखल घेतो, आणि लगेच नजर काढून घेतो, म्हणजे त्याला मोकळं सोडतो. या न बोलता दिलेल्या सौजन्यावर शहरं चालतात. नामवंत माणसाला हे सौजन्य सगळ्यात कमी मिळतं. सामान्य माणसाला रोज फुकट मिळणारं अनोळखीपण त्याला कुठल्याच किमतीला विकत घेता येत नाही.

म्हणून मला वाटतं, अशा भेटीचा नियम साधा असावा. तो माणूस घास घेत असेल, लेकराचा हात धरून चालत असेल, दवाखान्यात किंवा स्मशानात असेल, तर नजर काढून घ्यावी. तोच त्याचा सन्मान. तो निवांत दिसला, तर पुढे व्हावं, नमस्कार करावा, आधी आपलं नाव सांगावं, आणि त्याच्या कामातली एखादी नेमकी गोष्ट सांगावी: तुमच्या अमुक नाटकातला तो प्रवेश आम्ही घरी अजून आठवतो, तुमच्या लेखामुळे माझी मुलगी त्या विषयाकडे वळली. ‘मी तुमचा मोठा चाहता’ हे वाक्य त्याने हजारदा ऐकलेलं असतं. ही नेमकी गोष्ट त्याला दुसरं कुणीच सांगू शकत नाही. फोटो हवा असेल तर विचारावा, आणि नाही म्हटलं तर मन मोठं ठेवावं. मग आपण होऊन निरोप घ्यावा.

आपण त्याला वर्षानुवर्षं ओळखत आलो, त्याला मात्र आपण आत्ताच भेटलो आहोत. ही गोष्ट मनात पक्की असली, की भंबेरी उडत नाही आणि दोन वाक्यांत दोन माणसांची खरी भेट होते.